चाळीस फूट सुती दोर

कबनूर,
१८ एप्रिल २०२४

प्रिय रशिदा,
भाईकडून दुआ.

ईदला आलीस, शिरखुर्मा केलास, तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघालीस आणि मी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तेवढं द्यायचं विसरलीस. फोन केला असता, पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावरून मी भांडण काढतो. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेली, त्यात कान गेले. सूनबाई अफसाना म्हणते, "अब्बा, कानाचं मशीन घ्या." मी म्हणतो, जन्मभर मशीनच ऐकलं, आता ते कानात कशाला घालू? म्हणून हे पत्र. घरात आपण आपली हिंदी बोलतो, पण शाळा दोघांची मराठी, तेव्हा लिहायला हीच बरी.

तर पुन्हा विचारतो. पावसाळा तोंडावर आला. तुझं गाव नदीकाठचं, आणि २०१९ च्या पुरात अझीमचं काय झालं ते मी सांगायला नको. नवऱ्यामागं पाच वर्षं तू त्या घरात एकटी राहतेस. तुझ्या रिजवानला वारणानगरच्या कॉलनीत दोनच खोल्या, तिथं तुझी सोय होणार नाही. माझी वरची खोली रिकामी आहे. रिजवान एक जूनला टेम्पो घेऊन येईल, सामान भरेल आणि तुला इथं सोडेल. घराला गिऱ्हाईक बघायचं काम माझ्याकडं.

हो म्हण आणि मोकळी हो.

तुझा भाई,
गैबी

~

२४ एप्रिल २०२४

भाईजान,
अस्सलाम आलेकुम.

पत्र मिळालं. तुमचा जीव तुटतो ते कळतं. पण घराचं आत्ता विचारू नका. थोडे दिवस द्या, मी एका कामात आहे. काम संपलं की मीच सांगेन.

तोवर दोन वस्तू हव्यात. एक म्हणजे चाळीस फूट सुती दोर, चांगला अंगठ्याएवढा जाड. नायलॉनचा नको, तो काचतो. गाठ मारली तर सुटणार नाही असा बघा. दुसरं, तुमच्या मागावरचं किंवा ओळखीतलं चार मीटर कापड, गडद रंगाचं. ओलं झालं तरी अंगाला चिकटू नये आणि जड होऊ नये. पांढरं अजिबात नको.

आमच्या गावचे जोतीराम भाजीचा टेम्पो घेऊन इचलकरंजीला येतात, त्यांच्याजवळ द्या. त्यांनी विचारलं तर काही सांगू नका.

तुमची,
रशिदा

~

कबनूर,
३० एप्रिल २०२४

प्रिय रशिदा,

जोतीरामने विचारलं तर काय सांगू नको? मलाच काही माहीत नाही, तर त्याला काय सांगणार, कपाळ?

दोर आणि कापड पाठवलं आहे. कापड तपकिरी आहे. ओलं करून, पिळून, स्वतःच्या दंडाला गुंडाळून बघितलं, चिकटत नाही. शेजारचा कारखानदार बघत होता. त्याला वाटलं गैबी म्हातारा आता कामातून गेला.

पण मला कळेना. तुझ्याकडं म्हैस नाही की बांधायला दोर लागावा. घरात नळ आहे, म्हणजे आडातून पाणी काढायचं नाही. कपडे वाळत घालायला अंगठ्याएवढा दोर कुणी बांधत नाही. आणि गाठ सुटू नये म्हणजे काय? कापडाचंही तसंच. ओलं कशानं होणार ते? पांढरं नको, हे तू एवढं ठासून का लिहिलंस? वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पांढऱ्या कापडाचा विचार तुझ्या डोक्यात आलाच कसा?

मला सरळ लिही.

गैबी

~

८ मे २०२४

भाईजान,

दोर मापाचा आहे. हातात घेतला आणि बरं वाटलं. कापडही छान, त्याचं शिवून झालं.

कापडाच्या पुडीतून माझे कानातले पाठवले आहेत, जोतीरामांनी आणून दिले असतीलच. अफसानाजवळ ठेवायला द्या. आता मला त्यांचा उपयोग नाही, उगाच कुठं तरी जातील. त्यातली एक फुली मागच्या आठवड्यात गेलीच, शोधूनही सापडायची नाही अशा जागी.

तुम्ही विचारलंत, सरळ लिही. लिहीन. पण आत्ता लिहिलं तर तुम्ही मोडता घालाल. मोठे भाऊ आहात, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही, म्हणून तो शब्द निघायच्या आधीच काम उरकायचं आहे. नाराज होऊ नका.

एवढंच सांगते, की मी आधीसारखी घाबरत नाही. पाच वर्षं उरावर धोंडा होता, तो हलायला लागलाय. शेताकडच्या झुंबरबाई तुम्हाला माहीत आहेत, सत्तरीच्या, खड्या आवाजाच्या. त्या म्हणतात, "एकदा सोडून दे की गं. सोडलंस की कायसुदिक वाटत न्हाय. अंग फुलावानी हलकं हुतंय." मला पटलंय. हात सुटत नाहीत एवढंच.

रिजवानला काही कळवू नका.

रशिदा

~

कबनूर,
१३ मे २०२४

रशिदा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. अफसानाला वाचायला दिलं, ती खालीच बसली.

कानातले पोचले. आजवर तुझ्या कानातून ते कधी उतरले नव्हते. अझीमने पहिल्या मोठ्या बांधकामाच्या पैशातून केलेले. ते तू काढून इकडं पाठवतेस आणि म्हणतेस, उपयोग नाही.

पुडी द्यायला जोतीराम आला होता. अफसानाने त्याला पाणी देऊन खोदून विचारलं. तो म्हणाला, "वैनी, सांगावं का नको कळंना झालतं. तुमच्या फुफू दिस उगवायला माळाच्या हिरीवर असत्यात. म्या टेम्पोतनं दोनदा बघितलंय. पायरीवर बसून निसत्या पाण्याकडं बघत हुत्या. हाक मारली तर बघितलं बी न्हाय." अफसानाने हे मला पाटीवर लिहून दाखवलं. खडूने लिहिलेलं ते वाक्य मी पुसू शकलो नाही.

माळावरची विहीर. माझ्याच हाताने पाठवलेला दोर. गडद कापड. सोडून दे म्हणणारी ती म्हातारी. मी अडाणी असेन, पण जोडता येतं मला. म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती. माझं मन काय चिंततंय ते कागदावर लिहायला हात धजत नाही.

ऐक. अझीम गेला त्यात तुझा काही दोष नाही. जीव ही अल्लाची अमानत आहे, ती आपण होऊन परत करता येत नाही. तुला कबनूरला यायचं नसेल तर येऊ नकोस. घर विकायचं नसेल तर नको विकू. मी पुन्हा विषय काढणार नाही. फक्त त्या विहिरीकडं जाऊ नकोस. हो की नाही, एवढं एका ओळीत कळव. फोन केलास तरी चालेल, अफसाना ऐकेल.

तुझा भाई

~

१४ मे २०२४

भाईजान,

आज घाईत चार ओळी. तुमच्याकडून पत्र नाही, म्हणजे रागावला आहात.

येत्या रविवारी, १९ तारखेला सकाळी, माझं काम पूर्ण होणार. झुंबरबाईंनी दिवस ठरवला आहे. तो एक दिवस पार पडला की तुम्हाला माझी काळजी करायची गरज उरणार नाही. रिजवानलाही टेम्पो आणावा लागणार नाही.

माझा मोबाईल पाण्यात पडून बिघडला आहे, म्हणून फोन लागला नाही तर घाबरू नका.

दुआ करा.

रशिदा

~

कबनूर,
२३ मे २०२४

रशिदा,

डॉक्टरांनी घरी सोडलं. छातीत दुखतं, कानात अजून पाणी आहे असं वाटतं. जयसिंगपूरच्या दवाखान्यात तू माझ्या खाटेशी बसली होतीस. तुझं तोंड हलत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ऐकायचंही नव्हतं. मी भिंतीकडं तोंड केलं. इतका राग मला जन्मात आला नव्हता.

आता राग उतरलाय आणि डोक्यात नुसता गुंता आहे. मला सलग काही आठवत नाही. जे आठवतं ते लिहितो, तुला जोडता आलं तर जोड.

तुझं चौदा तारखेचं पत्र मला अठराला संध्याकाळी मिळालं. फोन लागेना. पहाटेची पहिली एसटी धरली. जयसिंगपुरात उतरलो, रिक्षावाल्याला म्हटलं, माळाच्या विहिरीवर चल. तो काहीतरी विचारत होता, मी नुसता हाताने पुढं पुढं दाखवत होतो. बांधावर रिक्षा थांबली, तिथून पळत गेलो. सहासष्टाव्या वर्षी, चपला हातात घेऊन.

विहिरीच्या काठावर बायका जमल्या होत्या, आठ-दहा. कुणी रडत नव्हतं. एकीच्या हातात चहाची किटली होती. मला वाटलं, या गावाला झालंय तरी काय? आणि तू काठावर उभी. मी पाठवलेल्या तपकिरी कापडाचे कपडे अंगात, मी पाठवलेला दोर कमरेला. त्याचं दुसरं टोक त्या झुंबरबाईच्या हातात.

मी ओरडलो. तू वळलीस, मला बघितलंस, आणि तरी उडी मारलीस. ते मी विसरणार नाही. मला बघून सुद्धा.

बायका हात हलवत माझ्याकडं धावल्या, तोंडं उघडत होती, मिटत होती. मी त्यांना ढकललं आणि तुझ्यामागून उडी टाकली. हवेत असताना आठवलं की मला पोहायला येत नाही.

पुढं हिरवं पाणी. नाकातोंडात पाणी. मग शर्टाची कॉलर आवळली, कुणीतरी मागून धरलं होतं. हात बारीक होता, पण पकड अशी की वाटलं धोटा अडकलेला माग कुणी हिसडून थांबवला. मग पायरी, आणि आकाश.

तो हात कुणाचा होता? रिजवान म्हणतो, "अम्मीचा." अफसाना पाटीवर लिहिते, "फुफू." दोघं मिळून माझी चेष्टा करतायत की माझं डोकं ठिकाणावर नाही? मरायला निघालेलं माणूस दुसऱ्याला कसं काढेल?

गैबी

~

२८ मे २०२४

भाईजान,

तो हात माझा होता.

तुमचं तेरा तारखेचं पत्र मला वीस तारखेला मिळालं, तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. ते वाचून मी खूप रडले. तुम्ही इतके दिवस काय मनात धरून बसला होता, आणि मी मूर्खासारखी एकेक वस्तू मागत होते, एकेक वाक्य लिहीत होते. आता माझीच पत्रं आठवली की अंगावर काटा येतो. माफ करा.

भाईजान, मी पोहायला शिकत होते.

फेब्रुवारीत सुरुवात केली. रोज्यांचा महिना थांबले, ईदनंतर पुन्हा धरलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, या वयात पाण्यात उड्या मारणार, लोक काय म्हणतील. म्हणून लपवलं. गावातही पुरुषांना पत्ता नव्हता. झुंबरबाईंनी वेळ ठरवून दिली होती, दिस उगवल्यापासून तासभर, तेव्हा विहिरीवर फक्त बायका. त्या स्वतः पोरपणी नदी पार करून पलीकडं चिंचा आणायला जात.

जोतीरामांनी मला बघितलं ते खरं आहे. पहिले बारा दिवस मी पायरीवर नुसती बसून होते. पाय ओला करायची हिंमत नव्हती. झुंबरबाई खालून ओरडायच्या, "पाणी काय वाघ हाय व्हय? हित म्हशी पवत्यात, तुला काय झालंय?" तेराव्या दिवशी घोटा बुडवला. मग पाठीला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला आणि कमरेला त्यांचा नायलॉनचा दोर. तो काचून कमरेवर वळ उठले, म्हणून तुमच्याकडं सुती मागितला. पांढरं कापड ओलं झाल्यावर बाईमाणसाला चालतं का, तुम्हीच सांगा. कानातली एक फुली विहिरीच्या तळाशी गेली, म्हणून बाकीचं पाठवून दिलं. आणि "सोडून दे" म्हणजे पायरी सोडून दे. मी पायरीला अशी धरायचे, की बोटं उलगडायला दोघी लागायच्या.

१९ तारखेला कॅनशिवाय विहीर आडवी पार करायची होती. दोर फक्त नावाला. तुम्ही ओरडलात तेव्हा मी वळून बघितलं, खरं आहे. मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही कौतुकानं बघायला आलात. म्हणून ऐटीत उडी मारली. तोवर मागून धप्पकन आवाज झाला. विहिरीत दीड परस पाणी, दीड माणूस उभा बुडेल एवढं, आणि त्यात तुम्ही चष्म्यासकट. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी तुमची गत. मी कॉलर धरली, वरून बायकांनी दोर ओढला. तुमचाच दोर, भाईजान. दोघांचं वजन त्यानं पेललं, गाठ सुटली नाही. झुंबरबाई अजून सांगत सुटल्यात, "माझी शिष्यीण लई बेस. पैल्याच दिशी पावणं भाईर काढलं."

आता जे पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही ते सांगते.

२०१९ ला होडी आमच्या दारात आली होती. गल्लीतले सगळे पाण्यात उतरून चढले. चारच पायऱ्या उतरायच्या होत्या आणि कमरेएवढ्या पाण्यातून दहा पावलं जायचं होतं. मला पाय टाकता आला नाही. मी चौकट धरून उभी राहिले. अझीमनी पाण्यात उभं राहून खूप समजावलं, मग होडीवाल्यांना म्हणाले, "तुम्ही जा, आम्ही मागून येतो." ती होडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर ते माझ्याजवळ ओल्या कपड्यांत बसले होते. दमा होता, ताप छातीत उतरला आणि दहाव्या दिवशी गेले. तुम्ही म्हणता माझा दोष नाही. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून म्हणता. माझ्या भीतीनं ते गेले.

ते गवंडी होते. हे घर त्यांनी स्वतः बांधलं, पाणी येऊ नये म्हणून जोतं मुद्दाम उंच घेऊन सात पायऱ्या केल्या. त्या पायऱ्या सोडून मी कबनूरला आले असते तर जन्मभर पळून आल्यासारखं वाटलं असतं. मला त्या चौथ्या पायरीवरून एकदा खाली उतरता यायला हवं होतं. बाकी काही नको होतं.

आता तुम्ही ठरवा. एक तारखेला टेम्पो पाठवा म्हणाल तर मी येईन, शब्द मोडणार नाही.

रशिदा

~

कबनूर,
३ जून २०२४

प्रिय रशिदा,
दुआ.

रिजवानला टेम्पो आणू नको म्हणून सांगितलं, हे तुला एक तारखेला कळलंच असेल. तो म्हणाला, "मामू, तुम्हीच तर ठरवलं होतं." मी म्हटलं, ठरवणारा विहिरीत बुडाला, वर आला तो दुसराच.

अझीमचं वाचलं. तुझा दोष नाही असं पुन्हा लिहिणार नाही. तू ते मानणार नाहीस आणि मला तुला खोटं पाडायचं नाही. मला फक्त वाईट वाटतं की मी तुझा सख्खा भाऊ, आणि तू हे एकटीनं वागवलंस. मी कधी विचारलं नाही. ऐकू येत नाही ही सबब मला सोयीची होती, असं आता वाटतं.

म्हणून काल कानाचं मशीन घेतलं. काठावर बायका मला काय ओरडून सांगत होत्या ते अफसानाने विचारून आणलं. म्हणे, "पवत्याय ती, पवत्याय!" एवढं ऐकू आलं असतं तर चष्मा तरी वाचला असता. मशीन घातल्यावर पहिल्यांदा काय ऐकलं सांगू? अफसाना भांडी घासताना गुणगुणते. नऊ वर्षं ही मुलगी माझ्या घरात गाते आहे आणि मला पत्ता नाही.

ते घालायलाही शिकावं लागतं. सगळंच एकदम कानात घुसतं, डोकं भणभणतं. पण तू बारा दिवस पायरीवर बसलीस, तर मीही बसेन.

तुला राहायचं तर राहा. एकच वचन दे. पाणी वाढलं आणि होडी आली की पहिल्या फेरीत निघायचं.

तुझा भाई,
गैबी

~

शाळा क्रमांक दोन, वर्ग सातवी ब,
२९ जुलै २०२४

भाईजान,
अस्सलाम आलेकुम.

मी सुखरूप आहे. आम्हाला या शाळेत आणून ठेवलंय, जेवणखाण ठीक आहे. फोनवर तुम्ही विचारलंत आणि मी "सावकाश लिहिते" म्हणाले, ते आता लिहिते. फोनवर तुम्हाला सगळं ऐकू येतं याची अजून सवय नाही.

वचन मोडलं. पहिल्या फेरीत आले नाही.

शुक्रवारी सकाळी होडी आली तेव्हा पाणी चौथ्या पायरीला होतं. मी पिशवी डोक्यावर घेतली आणि उतरले. हो, उतरले. झुंबरबाई तिथं नव्हत्या, त्यांना घरच्यांनी आधीच हलवलं होतं. बघायला विहिरीवरचं कुणी नव्हतं. मला वाटलं होतं की पाय टाकला की रडू येईल. तसं काही झालं नाही. पाणी गार होतं आणि गढूळ होतं.

होडीत चढणार, एवढ्यात समोरच्या दारात अनुजा दिसली. मागच्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरातून आली, राजवीरची बायको. चौकट धरून उभी होती. बोटं पांढरी पडलेली. राजवीर तिला समजावत होता, मग त्यानं होडीवाल्यांकडं हात केला आणि म्हणाला, "तुमी जावा, आमी मागनं येतो."

भाईजान, तेच शब्द.

मी पिशवी होडीत टाकली, खांद्यावरचा तुमचा दोर तेवढा ठेवला आणि परत वळले. होडीवाला ओरडत होता, "आजी, कुठं निघालाय?" मी त्यांना जायला सांगितलं नाही. थांबा म्हणाले. थांबले नाहीत, बाकीची माणसं भरली होती. मग मी अनुजाच्या खालच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात, उभी राहिले. तिला म्हटलं, "मागून कुणी यायचं नाही. माझा नवरा असाच थांबला होता." मग तिला सगळं सांगितलं, अझीमचं, माझं. तुमच्यानंतर ती दुसरी. बारा दिवस नव्हते आमच्याकडं, तासभर होता. घोटा, मग गुडघा, मग कंबर. तिच्या कमरेला तुमचा दोर बांधला, एक टोक माझ्या हातात, एक राजवीरच्या.

दुसरी फेरी आली तेव्हा तिघंही पाण्यातच उभे होतो.

अनुजा आता माझ्या शेजारच्या चटईवर झोपली आहे. दोर तिनं अजून कमरेचा सोडलेला नाही, आणि मीही तो मागितला नाही.

तुमची,
रशिदा